गुलाबी पुठ्ठा आणि सहा खात्यांची डाक

"एकसष्ट," ढोले सर म्हणाले. "एकसष्ट ईमेल न उघडता पडल्या आहेत, मॅडम. तीन महिन्यांपूर्वी मशीन तुम्हीच बसवून गेलात ना?"

"हो."

"मग मला एक कागद द्या. मशीन ठीक, प्रोग्रॅम ठीक, असं लिहा. आणि अडचण कुठे आहे तेही स्पष्ट लिहा. सोमवारी कमिटीची बैठक आहे."

अडचण कोण, हे त्यांनी नाव न घेता सांगितलं आणि मला नाव न घेता कळलं. अडचणीचं नाव इंदूताई.

ही दोन हजार सालाच्या थोडं पुढची गोष्ट. मी तेव्हा वर्ध्यात राहून कॉम्प्युटरची कामं करायची. जिल्ह्यात लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी फुकट प्रणाली, येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यात बाई मी एकटी. कुठेही गेले की लोक माझ्या मागे बघायचे, कॉम्प्युटरवाले सर अजून एसटीतून उतरायचे आहेत का म्हणून. मला राग यायचा. राग आला की मी फार हुशारीनं वागायची, आणि या गोष्टीतला निम्मा घोळ त्या हुशारीनंच केलेला आहे.

संस्था केळझरच्या अलीकडे, रस्त्यापासून जरा आत. खेड्यांतल्या मुलींना नर्सिंग शिकवायची, सोबत छोटा दवाखाना आणि वसतिगृह. ढोले सर तिचे सचिव. इंदूताई आवक-जावक सांभाळायच्या, म्हणजे संस्थेत येणारं आणि संस्थेतून जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्या हातून जायचं. तीस वर्षं त्या एकाच खोलीत, एकाच लाकडी मांडणीसमोर बसत होत्या. मांडणीला बत्तीस कप्पे आणि प्रत्येक कप्प्यावर एक नाव. रिटायर व्हायला दीड वर्ष राहिलं होतं. ते दीड वर्ष त्यांना वसतिगृहाच्या धान्यकोठीवर बसवावं आणि डाकेच्या खोलीत कोणी कॉम्प्युटर शिकलेलं आणावं, असं सरांच्या मनात होतं.

आता माझ्या कामाबद्दल थोडं. ईमेल आपल्याला येते म्हणजे दूर कुठल्यातरी कॉम्प्युटरवर आपल्या नावाच्या पेटीत पडते. तिथून ती आणून आपल्या टेबलावर मांडणारा, उत्तर लिहू देणारा प्रोग्रॅम म्हणजे ईमेल क्लायंट. संस्थेची अशी सहा खाती होती. कार्यालयाचं एक, दवाखान्याचं एक, वसतिगृहाचं, शाळेचं, आणि दोन अशी की ती कोणी आणि कशाला काढली हे कोणालाच आठवत नव्हतं, पण त्यांवरही डाक यायची. सहांचे सहा पासवर्ड आणि टेलिफोनची लाइन एकच. इंटरनेट जोडलं की फोन बंद.

मशीन जुनं होतं म्हणून त्यावर लिनक्स. त्यावर मी एक नवाकोरा, चित्रांचा क्लायंट बसवला होता. एका बटणावर सहाही खात्यांची डाक एका खिडकीत. वरच्या अर्ध्या स्क्रीनवर पत्रांची यादी, आणि ज्या ओळीवर बाण थांबेल ते पत्र खालच्या अर्ध्यात आपोआप उघडं. त्याला प्रीव्ह्यू म्हणतात. बसवून झाल्यावर मी स्वतःवरच इतकी खूश होते की इंदूताईंना वीस मिनिटांत शिकवून परतीची एसटी पकडली होती.

त्या गुरुवारी मी डाकेच्या खोलीत गेले तेव्हा इंदूताई नव्हत्या, डाकेची थैली आणायला फाट्यावर गेल्या होत्या. स्क्रीनच्या खालच्या अर्ध्या भागावर कोणीतरी फाइलचा गुलाबी पुठ्ठा सुतळीनं बांधून ठेवला होता. धूळ बसू नये म्हणून असेल, असं म्हणत मी तो काढून कोपऱ्यात ठेवला. फोन जोडून बघितला, डाक आली. उत्तर पाठवून बघितलं, गेलं. सगळं ठणठणीत. यादीत एकसष्ट पत्रं ठळक अक्षरांत, म्हणजे न वाचलेली.

मी तिथेच बसून कागद लिहिला. शेवटचं वाक्य मला आजही पाठ आहे. "प्रणाली व्यवस्थित आहे, संबंधित कर्मचारी ती हाताळण्यास असमर्थ आहेत." असमर्थ हा शब्द सुचल्यावर मला बरंसुद्धा वाटलं. पाकिटात घालून वर 'मा. सचिव' लिहिलं. सरांनी बजावलं होतं, संस्थेत कागद हातोहात द्यायची रीत नाही, व्हरांड्यातल्या आवक पेटीत टाकायचा. टाकला. मग दवाखान्यातला प्रिंटर कागद चावत होता, तो बघायला गेले.

एक वाजता परत आले तर इंदूताई डबा उघडून बसल्या होत्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, उजवा हात थोडा थरथरायचा. हातात पेन आलं की थरथर थांबायची.

"जेवाले बसा ना, मॅडम. एसटी तीनशिवाय नाई."

"डबा नाही आणला मी."

"म्हनूनच तर म्हटलं." त्यांनी भाकरीचे दोन भाग केले, मोठा माझ्याकडे सरकवला. तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची, आमटी होती, लसणाची, झणझणीत. मी ती ओरपून खाल्ली. त्या मधेमधे माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, मी फार भुकेली दिसत असेन.

जेवण झाल्यावर हात धुऊन त्यांनी कोपऱ्यातला पुठ्ठा उचलला, पदरानं पुसला आणि परत स्क्रीनवर बांधायला घेतला.

"तुमी काढलं होतं का हे? मी म्हटलं, गेलं कुठी."

"ताई, पण खालचा अर्धा स्क्रीन झाकता कशाला?"

"खाली दुसऱ्याचं पत्र उघडं पडते ना जी."

"ते उघडायसाठीच आहे."

"ज्याचं आहे त्यानं उघडावं. मी काऊन उघडू?"

माझा पारा चढत होता. मी म्हटलं, "डाक बघणं तुमचं काम आहे ना?"

इंदूताईंनी सुतळीची गाठ मारली आणि समोर बसल्या. माझ्यापेक्षा त्या खूपच शांत होत्या. टेबलावरची दोन पाकिटं त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"हे पाहा. याच्यावर लिहिलं आहे 'प्राचार्य'. हा हुद्दा झाला. हुद्द्याच्या नावाचं पाकीट मी फोडतो, वाचतो, शिक्का मारतो, रजिस्टरात नंबर देतो. आनि हे पाहा, 'कु. वंदना'. हे मानसाच्या नावाचं. हे मी फोडत नाई. कप्प्यात ठेवतो. तीस वर्सं झाले, एकाचं पाकीट फोडलं नाई. पोरींच्या घरच्यांले बी सांगून ठेवलं, ईमेल धाडली तर विषयात पयले पोरीचं नाव लिहा, म्हंजे मले कळते कोनाचं हाये. पन तुमच्या या मशीनीले समजतच नाई. मी नुसता बान वरून खाली नेला, का वाटेतलं समदं उघडं!"

"म्हणून पुठ्ठा."

"पुठ्ठा लावून बी भागलं नाई ना." आता त्यांचा आवाज बारीक झाला. "दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमचं घरचं पत्र आलं होतं. मी फक्त यादी पाह्यली. मॅडम संध्याकाळी आल्या, म्हने हे ठळक काऊन नाई, माझं पत्र कोनं वाचलं? समद्यांसमोर. मी म्हटलं, मी वाचलं नाई जी. तर म्हने, मशीन दाखवून राह्यली ना वाचलं म्हनून."

 मशीन तसंच दाखवणार. प्रीव्ह्यूत पत्र दोन-तीन सेकंद उघडं राहिलं की प्रोग्रॅम त्यावर 'वाचलं' अशी खूण करतो आणि अक्षरं साधी होतात. पुठ्ठ्यामागे कोणी बघतंय की नाही, हे त्याला काय कळणार? तीस वर्षांत ज्या बाईनं परक्याचं पाकीट फोडलं नव्हतं, तिच्याविरुद्ध मी साक्षीदार बसवून गेले होते.

"त्या दिसापासून मी हातच लावला नाई," त्या म्हणाल्या. "पडून राह्यलं तर चालते. ज्याचं त्याले कधीतरी भेटन. पन कोनी वाचलं असं नको वाटाले."

मी विचारलं, "ताई, इतकं काय आहे त्यात? एखादं पत्र दिसलं तर दिसलं."

इंदूताईंनी 'कु. वंदना'चं पाकीट उचलून कप्प्यात ठेवलं. मग बोलल्या.

"आर्वीकडची एक पोरगी होती, लय वर्सं झाले. तवा तार आली का तारऑफिसातून पयले फोनवर सांगत, कागद मागून ये. मी लिहून घेतली. तिची माय गेलती. मी माह्याच अक्षरात लिहिलं, माय वारली, लवकर ये. ते घेऊन वसतिगृहाकडे निघाली तर पोरगी समोरूनच आली, केस धुऊन. मले पाहून हासली. म्हने, ताई, माहं पत्र आलं का? आता तिची माय गेल्याचं मले मालूम, अन् तिले मालूम नाई. ती हासून राह्यली अन् मले मालूम." त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "चारच पावलं होते मधात. पन तिच्या घरात न इचारता घुसल्यावानी झालं मले. तवापासून ठरोलं, ज्याची खबर त्यानंच पयले वाचावी."

 डोळे भरून आले होते आणि लाजही वाटत होती. लाज जास्त. मी उठले आणि थेट ढोले सरांच्या खोलीत गेले.

"सर, सकाळचा कागद परत द्या."

"का?"

"चुकीचा आहे."

"नंबर पडलेला कागद परत जात नाही, मॅडम." त्यांनी समोरच्या ट्रेमधून तो काढून दाखवला.

वरच्या कोपऱ्यात आवकचा जांभळा शिक्का होता. शिक्क्यात नंबर, तारीख, वेळ. खाली विषयाची ओळ, गोल, सावकाश अक्षरात: 'संगणक हाताळण्यास कर्मचाऱ्याच्या असमर्थतेबाबत.' ते अक्षर मी नुकतंच मांडणीच्या बत्तीस कप्प्यांवर बघून आले होते.

व्हरांड्यातली पेटी कोण उघडतं, हा प्रश्न माझ्या डोक्यात आलाच नव्हता. पाकिटावर मी हुद्दा लिहिला होता. हुद्द्याचं पाकीट त्या फोडतात. अकरा वाजता त्यांनी ते फोडलं, वाचलं, शिक्का मारला, रजिस्टरात चढवलं, सरांच्या ट्रेमध्ये ठेवलं. आणि एक वाजता मला भाकरीचा मोठा तुकडा दिला.

"सर," मी म्हटलं, "सोमवारपर्यंत वेळ द्या. एकसष्टच्या एकसष्ट पत्रं जागच्या जागी गेली नाहीत तर दुसरा कागद मी स्वतःविरुद्ध लिहून देईन."

"द्या," सर म्हणाले. "पण पेटीत टाका."

शुक्रवार आणि शनिवार मी तिथेच होते. आधी त्याच क्लायंटचा प्रीव्ह्यू बंद करून बघितला. बंद करायची सोय त्यात पहिल्यापासून होती, मीच कधी शोधली नव्हती. पण मग पत्र उघडायला माउस दोनदा झटपट दाबावा लागे, आणि इंदूताईंच्या थरथरत्या हातानं शेजारचंच पत्र उघडायचं. शिवाय उत्तर लिहिताना ते कोणत्या खात्यातून जाणार हे सहा नावांतून दर वेळी निवडायचं. दवाखान्याचं उत्तर वसतिगृहाच्या नावानं जायला कितीसा वेळ!

मग म्हटलं, माउसच नको. चित्रं नसलेले, नुसत्या अक्षरांचे क्लायंट युनिक्सवर, म्हणजे लिनक्सच्या पूर्वजावर, पूर्वीपासून आहेत. त्यातला मट माझा लाडका, मी घरी तोच वापरायची. पण त्यात प्रत्येक अक्षर म्हणजे एक हुकूम. इंदूताई टाइपरायटरवर शिकलेल्या, बोटं सवयीनं मधल्या ओळीवर टेकायच्या. टेकली की एखाद्या पत्रावर खोडायची खूण व्हायची. दोनदा झाल्यावर त्यांनी हात मांडीवर घेतले.

"हे लय तापट आहे," त्या म्हणाल्या.

माझ्यासारखंच, असं मी मनात म्हटलं आणि पाइन बसवला. यात तळाला दोन ओळींत लिहिलेलं असतं, कोणती कळ दाबली की काय होईल. बाणाची कळ खालीवर न्या, काही उघडत नाही. एंटर दाबाल तेव्हाच पत्र उघडतं. आणि यात भूमिका ठरवून ठेवता येतात. पत्र ज्या खात्यावर आलं, उत्तर त्याच खात्याच्या नावानं जातं.

"म्हंजे लेटरहेड आपोआप बदलते," इंदूताई म्हणाल्या. मी मॅन्युअलची चार पानं वाचून जे समजले होते ते हेच.

पाइनच्या मागे मी दोन छोटे प्रोग्रॅम लावले. एक फेचमेल, तो सहाही खात्यांवरून डाक आणायचा. दुसरा प्रोकमेल, तो विषयातलं नाव बघून वाटणी करायचा. हुद्द्याची पत्रं इंदूताईंकडे. माणसाच्या नावाची त्या माणसाच्या स्वतःच्या खणात, ज्याचा त्याला पासवर्ड. इंदूताईंना त्यांची फक्त यादी दिसणार: कोणाचं, कुठून, कधी. फेचमेल म्हणजे थैली, प्रोकमेल म्हणजे मांडणी, पाइन म्हणजे टेबल. हे सगळं त्या खोलीत तीस वर्षं चालूच होतं, मी ते मशीनला शिकवत होते इतकंच.

यादी बघून त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली. "हे नावाच्या मागून विषय दिसून राह्यला, तो बी काढा. पाकिटावर कोनी विषय लिहिते का?"

काढला.

शनिवारी दुपारी ढोले सर बघायला आले. "काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं? मॅडम, दुनिया पुढे चालली आणि तुम्ही उलट्या?"

"सर, आधीच्या खिडकीत सगळ्यांची पत्रं उघडी पडत होती. तुमचीसुद्धा."

"माझीसुद्धा?" सरांनी खुर्ची जवळ ओढली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कोणी वाचली?"

"नाई जी," इंदूताई म्हणाल्या. "मी पुठ्ठा लावला होता."

 उठताना सरांनी तो पुठ्ठा हातात घेऊन उलटापालटा करून बघितला आणि जागेवर ठेवला.

सोमवारी सकाळपर्यंत एकसष्ट पत्रं वाटून झाली. हुद्द्याच्या पत्रांना नंबर पडले. माणसांच्या पत्रांसाठी इंदूताईंनी चिठ्ठ्या केल्या, 'तुमची ईमेल आली आहे', आणि लाकडी कप्प्यांत एकेक ठेवली. डॉक्टर मॅडम चिठ्ठी घेऊन आल्या, पासवर्ड टाकला, पत्र वाचलं. जाताना थांबल्या.

"ताई, त्या दिवशी मी सगळ्यांसमोर बोलले..."

"जाऊ द्या जी. वाचलं ना तुमी? बस."

कमिटीसमोर माझे दोन कागद गेले. पत्रं वाटून झाली तरी दुसरा मी लिहिलाच, त्यात होतं की पहिल्या कागदातली असमर्थता प्रोग्रॅम निवडणाऱ्याची, म्हणजे माझी होती. ढोले सर म्हणाले, असं कोणी लिहून देतं का? पण फाइलला लावला. इंदूताई डाकेच्या खोलीतच राहिल्या आणि तिथूनच दीड वर्षानं रिटायर झाल्या.

एक काम मात्र मी मीटिंगच्या आधीच केलं होतं. सगळ्यांचे खण करताना लक्षात आलं की बत्तीस कप्प्यांत इंदूताईंच्या नावाचा कप्पाच नाही. मशीनवर मी त्यांच्या नावाचा खण केला. वर्ध्याला परतल्यावर घरून त्यांना पत्र पाठवलं. त्या काळी मराठीही इंग्रजी अक्षरांतच लिहावी लागायची. विषयात फक्त 'इंदूताई'. आत चार ओळी. तुमच्याबद्दल जे लिहिलं ते न बघता, न विचारता लिहिलं. तुम्ही ते वाचून मला जेवायला वाढलंत. माझं चुकलं. माफ करा.

पंधरा दिवसांनी संस्थेत गेले. कोणीही माझ्या मागे सर शोधले नाहीत. डाकेच्या खोलीत मांडणीच्या वर, दौत आणि शिक्के असायचे तिथे, एक जागा रिकामी केलेली होती. पट्टीवर गोल अक्षरात 'इंदू'. त्यात त्यांच्याच हातची चिठ्ठी: तुमची ईमेल आली आहे.

"स्वतःलाच चिठ्ठी लिहिली?" मी हसून विचारलं.

"मंग? समद्यांले लिहितो ना. समद्यांची डाक वाटून झाली, मंग चार वाजता वाचलं."

मला पुढचं विचारायचं होतं आणि विचारवत नव्हतं. मी रजिस्टरकडे बघत म्हटलं, "त्याला नंबर दिला?"

"नाई, पोरी," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच मला त्यांनी मॅडम म्हटलं नाही. "ते मानसाच्या नावाचं होतं."

म्हणजे हिशेब असा. माझा तो असमर्थतेचा कागद शिक्क्यासह संस्थेच्या फाइलीत असेल, अजूनही. माफीची नोंद मात्र कुठेच नाही. पुढं मी बऱ्याच ऑफिसांत ईमेल बसवली. क्लायंट कोणता निवडावा असं कोणी विचारलं की मी आधी विचारायची, तुमच्याकडे डाक कोण उघडतं, आणि त्या माणसाशेजारी एक दिवस बसायची. डबा मात्र स्वतःचा न्यायला लागले, आणि त्यातली भाकर मोडताना मोठा तुकडा कोणाकडे सरकवायचा हे मला आता कळतं.